श्वास धरा, हलू नका

“श्वास घ्या. धरा. हलू नका.” मग जरा थांबून, “हां, सोडा.”

आमच्या गल्लीतल्या मावशी हे कुठेही, कोणालाही म्हणायच्या. कोणाचं पोर इंजेक्शनच्या भीतीने रडत असो, कोणी नवरा-बायको दारात भांडत असोत, मावशींची ऑर्डर सुटलीच म्हणून समजा. गंमत अशी, की माणसं ऐकायची. खांद्यावर सिलिंडर घेतलेला गॅसवाला खरोखर श्वास धरून उभा राहिलेला मी पाहिलाय. “सोडा” म्हणेपर्यंत बिचारा हलला नाही.

नगरमधल्या एका जुन्या दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी झाली. तेव्हा एक्स-रेची फिल्म हाताने धुवावी लागायची. अंधारी खोली, एक लाल दिवा, औषधांच्या टाक्या आणि हातांना कायमचा हायपोचा, म्हणजे फिल्म पक्की करायच्या औषधाचा, उग्र वास. पुढे कॉम्प्युटर आले, ती खोली मोडली, मावशी रिटायर झाल्या. पण माणसं ओळखायची त्यांची रीत काही बदलली नाही. भाजी घ्यायला गेलं, की मध्येच कोपराने ढोसून म्हणायच्या, “त्यो बघ. डावी बरगडी. मोटारसायकलवरनं पडला हुता.” त्याचं नाव विचारलं तर म्हणायच्या, “नाव कोन लक्षात ठेवतंय?” सगळ्यांची खबर ठेवणारी एखादी मावशी तुमच्याही गल्लीत असेल. पण ती हाडांवरून खबर ठेवत नसणार.

मी नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला. त्यांच्याशी माझं खरं सूत जमलं ते कॅमेऱ्यामुळे. वडिलांच्या कपाटात त्यांचा जुना रोलचा कॅमेरा सापडला आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं, की ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचे आणि रोल घरीच धुवायचा. औषधं मागवली. उजेड आत न जाणारा झाकणाचा डबा मागवला. त्यात फिल्म गुंडाळून ठेवायची प्लास्टिकची चक्री मागवली. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बघून पाठ झाले, पण बाटलीचं बूच उघडायची हिंमत होईना. मावशींना कुठून सुगावा लागला कोण जाणे. दारात आल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, “हायपो आणलास व्हय रे?” माहेरचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

नाताळ जवळ आला होता. मावशींची थोरली बहीण, आक्का, श्रीरामपूरहून फराळाला हात लावायला आली होती. नाताळ झाला की आक्कांचा मुलगा त्यांना जबलपूरला आपल्या घरी कायमचं नेणार होता.

“आमचा दोघींचा एक बी फोटो न्हाई,” मावशी मला म्हणाल्या. “आख्ख्या जिल्ह्याची हाडं काढली मी, आन् बहिनीचा चेहरा काढायचा राहिला. मोबाईलवरचा नको. त्यो कुटं जातो, कळत न्हाई. रोलवर काढ. आपन धुऊ.”

सगळा रोल मी त्या दोघींवर संपवला. पायरीवर बसलेल्या, करंज्या भरताना, एकमेकींची वेणी घालताना. दर वेळी मावशी म्हणायच्या, “श्वास धरा, हलू नका.” आक्का इमानदारीत गाल फुगवून बसायच्या, आणि मावशी मुद्दाम “सोडा” म्हणायला उशीर लावायच्या. शेवटी आक्कांना हसू फुटायचं आणि मी बटण दाबायचो. इतकं मनापासून हसणाऱ्या दोन म्हाताऱ्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

आक्का जबलपूरला रवाना झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी आम्ही मावशींच्या न्हाणीत रोल धुवायला घेतला. खिडकीला गोधडी ठोकली. मावशींनी ट्रंकेतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला लाल दिवा काढला. दवाखान्यातली खोली मोडली तेव्हा त्यांनी तो मागून आणला होता.

“मावशी, पूर्ण अंधार पाहिजे म्हणतात.”

“लाल दिव्यालाच अंधार म्हनतात. सगळी नोकरी ह्याच्याखाली केली. एक फिल्म बिघडली न्हाई.”

“पण ती एक्स-रेची...”

“फिल्म म्हंजे फिल्म. तिला काय कळतंय, म्होरं हाड हाय का आक्का हाय?”

मलाही ते पटलं. सिनेमातसुद्धा लाल दिवाच असतो. त्या उजेडात मावशींनी फिल्म चक्रीवर चढवली. एरवी चहाची बशी सांडणारे त्यांचे हात तिथे अजिबात थरथरले नाहीत. डबा बंद करून औषध ओतलं, हलवलं, मग हायपो, मग पाणी. मावशी गुणगुणत होत्या.

झाकण उघडून रोल बाहेर काढला, तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा. मावशींनी तो गोधडी बाजूला करून खिडकीशी धरला, एक्स-रे धरतात तसा, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“काहीच न्हाई,” त्या म्हणाल्या. “हाडसुदीक न्हाई.”

का ते मग मोबाईलवर शोधून कळलं. एक्स-रेच्या फिल्मला लाल उजेड दिसत नाही. कॅमेऱ्याच्या फिल्मला सगळे रंग दिसतात, लालसुद्धा. ज्या दिव्याने मावशींना जन्मभर साथ दिली, त्यानेच आक्का खाल्ल्या होत्या. मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दिवा तेवढा बंद केला. मला त्यांच्याकडे बघवेना.

नंतर बरेच दिवस त्या बाहेर दिसल्या नाहीत. गल्लीत लोक निवांत श्वास घेत होते आणि कोणालाच ते बरं वाटत नव्हतं.

मग एका सकाळी पाहतो, तर मावशी पायरीवर डोळे मिटून बसलेल्या, पदराखाली हात चाललेले. प्रार्थना चालली आहे असं समजून येणारे-जाणारे आवाज खाली करत होते. मी जवळ गेलो. पदराखाली तो वाया गेलेला काळा रोल आणि चक्री होती.

“न बघता चढवायला शिकते,” डोळे न उघडता त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यात जबलपूरला जाऊ. फोटो तू काढ. अंधार माझ्याकडं लागला.”

रोज सकाळी हा सराव चालायचा. फिल्म चक्रीत अडकली, की तिलाच दरडावायच्या, “हलू नका!” एकदा मी कॅमेऱ्यात नवा रोल घालून गुपचूप त्यांचा फोटो काढला. बटणाचा आवाज त्यांनी बरोबर ऐकला.

“श्वास धरला नव्हता मी,” त्या म्हणाल्या. “हलला आसंल.”

थंडी सरता सरता मावशी झोपेतच गेल्या. जबलपूर राहिलं.

त्यांचा फोटो असलेला तो नवा रोल मी त्यांच्याच न्हाणीत धुतला. लाल दिवा ट्रंकेतच राहू दिला. गोधडी लावली, दार लावलं आणि मिट्ट काळोखात ती चक्री हातात घेतली. फिल्म एकदाही अडकली नाही. धुऊन चिमट्याने दोरीवर टांगली, तर तिच्यात मावशी होत्या. डोळे मिटलेले, चेहरा स्वच्छ, हात मात्र हललेले. मी तिथेच पाटावर बसून रडलो.

पुण्याहून मोठा फोटो करून आणला आणि जबलपूरला पाठवला. काही दिवसांनी आक्कांच्या मुलाने मोबाईलवर एक फोटो पाठवला. आक्का खुर्चीत बसल्यात आणि मावशींचा फोटो त्यांनी छातीशी धरलाय. दोघी एका फोटोत.

मी लगेच फोन लावला.

“फोटो काढून झाला,” तो सांगत होता, “तरी आई तशीच. गाल फुगवलेले. मी म्हटलं, आई, झालं की. ऐकेचना. मग माझ्या लक्षात आलं, कोणी ‘सोडा’ म्हणतंय का याची ती वाट बघत होती.”

“मग? म्हणालात?”

“म्हणालो ना,” तो म्हणाला. “तेव्हा कुठं रडली.”