पाठीला माती न लागलेला पैलवान

पिंपरीच्या नव्या कारखान्यात कारकून होतो तेव्हा मी दर वर्षी सायकलीने चिखलीच्या जत्रेला जायचो. गोडीशेव खायची, पाळण्यात बसायचं आणि त्या माणसाला बघायचं, एवढ्यासाठी. साठीचा, काटकीसारखा तो माणूस लंगोट लावून, डोक्यावरची टोपी तशीच ठेवून, हात वर करून आखाड्याला फेरी मारायचा. हात वर करणं म्हणजे लढायला जोड मागणं. पण त्याच्या वयाचा, त्याच्या वजनाचा पैलवान मिळणार कुठून? हलगी वाजायची, पंच मान हलवायचे आणि तो पुन्हा धोतर नेसायचा. "तीस जत्रा झाल्या, पाठीला माती न्हाई," हे रेवडीवाल्यालाही ऐकवायचा.

एका वर्षी कारखान्यातल्या मित्रांनी सदरा-विजार काढून मलाच चड्डीवर आत ढकललं. माझंही वजन तेवढंच होतं. सलामी झाली. त्याचा दंड धरला तर तो थरथरत होता. म्हातारा घाबरलाय, आपणच पडावं, असं ठरवून मी गुडघा वाकवला. तसा तो कानाशी कुजबुजला, "पडू नका, भाऊसाहेब. मी जिंकलो तर पुढल्या साली खरा पैलवान आणतील."

अर्धा तास आम्ही एकमेकांना धरून उभे होतो. शेवटी पंचांनी कंटाळून कुस्ती बरोबरीत सोडवली आणि नारळ फोडून अर्धा अर्धा दिला.

पुढल्या जत्रेत पंच म्हणाले, या दोघांची जोड पुन्हा लावायची नाही. मग तो पुढे आणि मी मागे, हात वर करून आम्ही आखाड्याला फेरी मारली. माझ्याही पाठीला अजून माती नाही.