राखणदाराची संमती

बँकॉकच्या मीनबुरी भागात जमीन मोकळी ठेवली की कर जास्त, शेती दाखवली की कमी. त्यामुळे तिकडे उभ्या जन्मात कुदळ न धरलेली माणसं शेतकरी झाली आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या प्रयूनकाकांनीही आपल्या दीड एकरात केळी लावल्या होत्या. केळी पिकत, पाखरं खात, काकांचा कर वाचे.

हीच जागा लामदुआनला बागेसाठी हवी होती. महापालिकेच्या उद्यान खात्यात एकतीस वर्षं घासून तिने सतरा बागांना जागा मिळवून दिली, पण तिच्या स्वतःच्या वस्तीत एकही बाग नव्हती. दिव्याखाली अंधार! वस्तीतल्या बायका रोज संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या आवारात गाणी लावून व्यायाम करत. मागच्या महिन्यात रिव्हर्स येणाऱ्या गाडीने एकीचा पाय मोडला आणि पंपवाल्याने आवार बंद केलं. महिनाअखेरीला लामदुआन निवृत्त होणार होती. नंतर तिची फाइल कोणी उघडणार नाही याची तिला खात्री होती, कारण दुसऱ्यांच्या फायली तिनेही कधी उघडल्या नव्हत्या.

मामला सरळ होता. जमीन काकांचीच राहणार, दहा वर्षं बागेला वापरायला द्यायची, तोवर कर माफ. काकांचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं राखणदाराचं होतं. केळींच्या मधोमध, खांबावरच्या चिमुकल्या देवळात तो राहायचा, आणि त्याला विचारल्याशिवाय तिथे कोणी खड्डासुद्धा खणत नाही.

“स्वप्नात आला होता,” काका कॉफी ओतत म्हणाले. “नको म्हणाला.”

लामदुआनने देवळापुढे लाल सरबताची बाटली उघडून ठेवली, त्यात नळी खोचली, हात जोडले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर.

“काका, काल माझ्या स्वप्नात आला. हो म्हणाला.”

“तुझ्या स्वप्नात कशाला येईल? जमीन माझी.”

“सरबत माझं होतं.”

काका कपाळाला आठ्या घालून हसू दाबत राहिले. मग राखणदाराला तळं हवंसं झालं. लामदुआनने नकाशात तळं काढलं. दोन दिवसांनी तळ्याने डास होतात असं त्याचं मत पडलं. तिने तळं खोडलं. मग बाकं, मग सावली, मग फाटक पूर्वेला. आजवर एवढा चिकित्सक देव तिच्या पाहण्यात नव्हता. म्हाताऱ्याला कुणी बिल्डर भेटला असणार असं धरून तिने गावभर चौकशी केली. बिल्डर कुठेच नव्हता. प्रत्येक खेपेला काकांकडे कॉफीचे दोन कप आणि भाजलेली केळी मात्र तयार असत.

निवृत्तीच्या दिवशी अकराव्यांदा नकाशा उलगडताना तिचा पारा चढला.

“आता काय म्हणतो तो? फाटक पश्चिमेला?”

काकांनी हातातला कप खाली ठेवला.

“कोणी आलं नव्हतं स्वप्नात,” ते म्हणाले. “एकदाही नाही. मुलगा चियांग मायला असतो, फोन करतो सणासुदीला. तू एक दिवसाआड येतेस, भांडतेस. सही झाली की तुझं काम संपलं. मग कशाला येशील?”

लामदुआनला एकदम भरून आलं. एकतीस वर्षं तिने जमिनी मोजल्या, जमिनीवरच्या माणसाकडे बघायचं राहूनच गेलं. मनातला बिल्डर आठवून तिला लाज वाटली. पण रडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“आणि माझ्याही स्वप्नात कोणी आलं नव्हतं, काका,” ती म्हणाली. “मला तर झोपच लागत नव्हती तुमच्यापायी.”

“खोटारडी.”

“तुम्हीच शिकवलंत.” तिने पेनचं टोपण काढून पेन त्यांच्यापुढे धरलं. “आज पाच वाजता मी रिटायर होतेय. उद्यापासून मला दुसरं काम नाही. भांडायला रोज येईन.”

“रोज?” काकांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सही केली.