पथारीवरचे चौसष्ट खोकले

जानेवारीतला शुक्रवार, सकाळचे साडेदहा. आकडा ८३. आमच्या आरोग्य कार्यालयात हजर : तालुक्याच्या डॉक्टर मॅडम, मिरचीच्या पथारीचे शेठ, मोबाइलवर बातम्यांचं पोर्टल चालवणारे कैलासभाऊ आणि मी. पथारीवर मजुरीला येणाऱ्या शेवंताबाई दाराशी उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना आत बसवलं, म्हणून पाच.

मी आरोग्य कार्यालयात आकड्यांचं काम करतो. गावोगावच्या केंद्रांतून दर आठवड्याला किती ताप, किती जुलाब, किती खोकला हे माझ्याकडे येतं. मी बेरीज करून वर पाठवतो. बावीस वर्षं हेच करतोय.

त्या दिवसांत बाहेरच्या देशांत करोनाचा नवा प्रकार सापडल्याच्या बातम्या येत होत्या. आदल्या संध्याकाळी कैलासभाऊंनी मथळा टाकला होता : ‘खोकल्याचे रुग्ण चौपट! मिरचीच्या पथारीवर नवा विषाणू?’ रात्रीतून सगळ्या गावाला मत फुटलं. माझ्या घरच्या ग्रुपवर भाऊ आणि मेहुणा यांच्यात लस कामाची की बिनकामाची यावरून सव्वाशे मेसेज झाले. सकाळी चहावाला मला व्हेरियंट समजावून सांगत होता.

पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. बायका तिथे बसून देठ खुडतात. प्रश्न एवढाच होता की पथारी पंधरा दिवस बंद करायची का. हंगाम ऐन भरात होता.

“पंधरा दिन पथारी बंद व्हई तं आम्ही काय खासूत?” शेवंताबाई म्हणाल्या. “मिरचीमा बठो तं खोकला दर सालले ऱ्हास.”

“तुम्ही चौपट कशावरून लिहिलं?” मॅडमनी कैलासभाऊंना विचारलं.

“आकडा काय मन्हा घरना शे का, मॅडम? तुमनाच कागदवरना शे.” त्यांनी फोन पुढे केला.

खरंच आमचा कागद होता. मागच्या आठवड्यात २१, या आठवड्यात ८३. भागाकार ३.९५ येतो, चौपट म्हणायला हरकत नव्हती. खाली सही माझी.

मी उठून रजिस्टर आणलं. ८३ कसे झाले ते पाहिलं. दवाखान्यात आलेले १९. उरलेले ६४ पथारीवरचे. मंगळवारी आमचंच तपासणी शिबिर तिथे झालं होतं. चौसष्ट बायका बघितल्या, चौसष्टही खोकत होत्या. शिबिराचा कागद आला तसा मी तो त्याच रकान्यात भरला होता.

त्या रकान्याला आम्ही आयएलआय म्हणतो. सोप्या भाषेत फ्लूसारखा आजार. त्यात नुसता खोकला चालत नाही, सोबत ताप लागतो. मंगळवारच्या कागदावर तापाची जागा कोरी होती. कुणी मोजलाच नव्हता.

“मॅडम, चूक माझी आहे,” मी म्हटलं. “हे ६४ या रकान्यात यायलाच नको होते.”

शेठ खुर्चीत सैल झाले. “झालं तर मग. कागद बदला, विषय संपला.” त्यांचा घसा बसला होता. मिरचीच्या धंद्यात तो बसतोच, असं ते आल्या आल्या म्हणाले होते.

“कसा संपला?” कैलासभाऊ म्हणाले. त्यांनी एक लिंक उघडली. परदेशातल्या संशोधनाची होती. “यामा लिखेल शे, ताप नही तरी करोना ऱ्हाई सकस.”

मी वाचलं, इंग्रजी डोक्यावरून गेलं. मॅडमनी वाचलं. एक प्रीप्रिंट होतं. म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच नेटवर ठेवलेला निबंध. पहिल्याच पानावर तसं लिहिलं होतं.

“हा कच्चा कागद आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण तुमचा मुद्दा कच्चा नाही. ताप नसतानाही करोना असतो, हे आपण मागेच पाहिलंय.”

हे मला पटलं. माझा रकाना चुकला म्हणून विषाणू नाही, असं सिद्ध होत नव्हतं. आकडा खोडायला दुसरा आकडा लागतो.

“किट किती आहेत?” मॅडमनी विचारलं.

“सत्तर,” मी म्हटलं.

“उद्या सकाळी नऊ वाजता. पथारीवर जो उभा असेल त्या प्रत्येकाची टेस्ट. आपलीसुद्धा. एक सापडली तर तिला घरी ठेवू, जास्त निघाल्या तर पथारी बंद.”

“अर्धा दिवस जाईल,” शेठ म्हणाले. “त्याची मजुरी कोण देणार?”

शेवंताबाई शेठकडे बघत राहिल्या.

शनिवारी नऊला आम्ही पोचलो. निम्मं गाव कुंपणाबाहेर. कैलासभाऊ लाइव्ह. लाल मिरची क्षितिजापर्यंत पसरलेली, आणि प्रत्येक नाक वाहतंय. सोबत आलेल्या आमच्या दवाखान्याच्या सिस्टरनी आधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. मिरचीचा हात नाकाला लागला तर शिंकांनी स्वॅब घेताच येत नाही.

ताप मोजताना पहिलीच गडबड झाली. कपाळासमोर धरायच्या बंदुकीने पहिल्या बारापैकी अकरा जणींना ताप दाखवला. बाहेर कुजबुज सुरू झाली. शेवंताबाईंनी मला हाताने खूण करून बोलावलं.

“भाऊ, आम्ही उनमा बठेल शेत. कपाय गरमच ऱ्हाई ना.”

सगळ्यांना शेडखाली नेलं, पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा मोजलं. बाराच्या बारा नॉर्मल. पुढे चौसष्टांत ताप निघाला फक्त दोघींना.

मग किट. पट्टीवर एक रेघ आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर पॉझिटिव्ह. पंधरा मिनिटं थांबायचं. टेबलावर नंबर लिहिलेल्या पट्ट्या ओळीने मांडल्या. मी वाचायचं, सिस्टरनी पडताळायचं, मग लिहायचं. पेन एकदा मिरचीत पडलं. ते उचललं आणि त्याच हाताने डोळा पुसला. त्यानंतर अर्धा तास माझ्या डोळ्यांतून धार. लाइव्हवर कुणीतरी लिहिलं, ‘साहेब रडताहेत, नक्की काहीतरी मोठं आहे.’ कैलासभाऊंनी मला ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“खुलासा टाका,” मी म्हटलं. “साहेबही नाही आणि रडतही नाही.”

वीस झाल्या, एकेक रेघ. चाळीस, एकेक रेघ. त्या दोन तापवाल्यांचीही एकेकच. चौसष्टावी पट्टी शेवंताबाईंची. एक रेघ.

उरले सहा किट आणि सहाच माणसं : मॅडम, सिस्टर, मी, कैलासभाऊ, पथारीचा हिशेब पाहणारे मुनीम आणि शेठ. शेठ म्हणाले, “माझं राहू द्या, मी तर ऑफिसात बसतो.” मॅडमनी नुसती खुर्ची दाखवली.

सत्तरावी पट्टी शेठची. दोन रेघा. मी सिस्टरना दोनदा बघायला लावलं.

शेठ आठवड्यापूर्वी सुरतेला लग्नाला जाऊन आले होते. पथारीत ते उतरत नसत. मजुरी मुनीमच वाटत. मॅडमनी त्यांना मास्क दिला आणि घरी पाठवलं. जाताना शेवंताबाई हळूच म्हणाल्या, “शेठ, आते तुम्ही घरमा बठा. पथारी आम्ही पाहतस.” बायका हसल्या. हसताना पुन्हा खोकला सुरू झाला.

या किटमधून एखादा पॉझिटिव्ह निसटू शकतो. म्हणून दोघी तापवाल्या, जास्त खोकणाऱ्या दहा जणी आणि शेठ यांचे स्वॅब आरटीपीसीआरला, म्हणजे मोठ्या लॅबच्या पक्क्या तपासणीला पाठवले. सोमवारी रिपोर्ट आला. बाराही जणी निगेटिव्ह. शेठ पॉझिटिव्ह, तब्येत ठीक. मुनीमांची आणि शुक्रवारी शेठसोबत बसलेल्या आम्हा चौघांची दोन दिवसांनी नव्या किटने पुन्हा टेस्ट केली, सगळे निगेटिव्ह. पथारी एकही दिवस बंद राहिली नाही.

मी दुरुस्त अहवाल पाठवला, आयएलआय १९ अधिक २, एकूण २१. मागच्या आठवड्याइतकाच. सोबत माझी चूक एका ओळीत लिहिली. कैलासभाऊंनी नवा आकडा छापला, मथळ्यात नाही, पण छापला. पहिल्या बातमीवरून जेवढे लोक भांडले, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही या बातमीवरून भांडले नाहीत.

तेव्हापासून मी आकड्याआधी रकान्याचं नाव वाचतो. बावीस वर्षांनी शिकलो, पण शिकलो.

शनिवारची अर्धी मजुरी प्रत्येकी दीडशे रुपये. चौसष्ट जणींचे नऊ हजार सहाशे. मंगळवारी शेठनी घरूनच मुनीमांना फोन केला आणि मुनीमांनी ते वाटले. पहिले दीडशे शेवंताबाईंना.