मास्तरांच्या काढ्यातला ओवा

आमच्या रस्त्यावर काढेकाकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, एक शेगडी, एक बाक आणि भिंतभर काचेच्या बरण्या. ओवा, सुंठ, जिरं, बडीशेप, दालचिनी, ज्येष्ठमध, हळद. काकांना तुमचं नाव आठवणार नाही, पण दोन वर्षांपूर्वी तुमचं पोट कोणत्या वारी बिघडलं होतं ते तोंडपाठ. भर रस्त्यात, चारचौघांत, "काय, सकाळी साफ झालं का?" असं एवढ्या मायेनं विचारतात, की गिऱ्हाइकानं लाजून मान खाली घालावी आणि शेजारच्या टपरीवाल्यानं कान टवकारावेत.

या धंद्यात एक अडचण आहे. गिऱ्हाईक बरं झालं की तोंड दाखवत नाही. सर्दीवाले चार दिवसांत जातात, अपचनवाले आठ. काकांच्या हाताला गुण भारी, त्यामुळे बाक कायम रिकामा. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा परगावी; रविवारी फोन करतो आणि "बाकी काय?" असं तीनदा विचारून ठेवतो. बाकी काही नसतंच.

मग गॅसची तक्रार घेऊन मास्तर आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. लोक उभ्या-उभ्या काढा ढोसून पळतात. मास्तर मात्र बाकावर बसले, फुंकर मारत-मारत अर्धा तास प्याले आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवली. काकांच्या दुकानाच्या पाटीलासुद्धा.

"हा 'ढ' तुम्ही काढलाय?"

"हो. का?"

"आमच्या तिसरीतला 'ढ' पोरगा याहून बरा काढायचा."

काका आठवडाभर या विनोदावर हसत होते. भांडी घासतानाही.

आठव्या दिवशी मास्तर म्हणाले, "काका, पोट अगदी पिसासारखं हलकं झालंय बघा. आता तुम्हाला त्रास नाही."

काकांच्या पोटात धस्स झालं. त्यावर त्यांच्या एकाही बरणीत औषध नव्हतं.

"एवढ्यात सोडू नका," ते घाईघाईनं म्हणाले. "अजून मुळापासून गेलेलं नाही. मला डोळ्यांवरून कळतं."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या काढ्यात ओवा आणि सुंठ पडेनाशी झाली. वासापुरती बडीशेप, रंगापुरती हळद. मास्तरांचं पोट चार दिवसांत पुन्हा फुगलं आणि मास्तर रोज दहाच्या ठोक्याला बाकावर हजर. तीन महिने! काका नवा शर्ट घालायला लागले. बाकावर उशीसुद्धा आली.

एका मंगळवारी मास्तर आले आणि कशालाच नावं ठेवेनात.

"सून म्हणते, दुर्बीण घालून तपासून घ्या. शुक्रवारी जायचंय," ते म्हणाले. थोड्या वेळानं, ग्लासात बघत, "मी फ्लॉवर सोडला, वाटाणा सोडला, दूध सोडलं. तरी तेच. आतून काहीतरी मोठं असणार हो. मुलाला सगळे कागद कुठं ठेवलेत ते दाखवून ठेवलं काल. बिचारा हसल्यासारखं करत होता."

काकांनी त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला.

"हा पिऊ नका. यात काही नाहीये."

"म्हणजे?"

"ओवा नाही, सुंठ नाही. पहिल्या आठवड्यानंतर घातलंच नाही."

"संपलं होतं?"

"बरण्या भरलेल्या आहेत." काकांनी ग्लास ओट्यावर ठेवला. "तुम्ही बरे झाला असता तर आला नसता."

मास्तर उठले.

"तीन महिने मी सुनेच्या हातचा फ्लॉवर नको म्हणत होतो," ते म्हणाले. "तिला वाटलं, मला तिचा स्वयंपाक आवडत नाही."

आणि गेले. काकांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून मारणार?

शनिवारी सून दुकानात आली. काका ताडकन उभे राहिले.

"तपासणीत काही निघालं नाही," ती म्हणाली. "बाबांनी तो पहिल्या आठवड्यातला काढा मागवलाय. सगळं घालून."

काकांनी ओवा, सुंठ, जिरं निवडून, पाखडून पुड्या बांधल्या. मग कागद घेतला आणि काकूंनाही कधी न सांगितलेलं माप सावकाश लिहून काढलं: कशाचा किती चमचा, तीन कप पाणी, उकळून एक उरवायचं.

"हे कशाला? मी येत जाईन ना न्यायला."

"नको. घरीच करत जा. ताजा केलेला जास्त लागू पडतो," काका म्हणाले. "पंधरा दिवसांत ठणठणीत होतील. मग फ्लॉवर करा."

"काही निरोप?"

काकांनी खूप विचार केला.

"जेवणानंतर अर्ध्या तासानं घ्यायचा म्हणावं. गरम असतानाच."

ती गेली. मागून एक सर्दीवाला आला, उभ्या-उभ्या प्याला, "बरं वाटलं हं काका," म्हणाला आणि घाईत निघून गेला.