चैत्रात लागलेलं ऊन

माझ्या वडिलांना चैत्रात ऊन लागलं आणि कार्तिक आला तरी ते उतरलं नाही, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं होतं. त्या एकमतात मीही होते, हे आधी कबूल करते. मैत्रिणीने विचारलं, शेजारणीने विचारलं, मी तोंड वर करून सांगितलं, बाबांना ऊन लागलंय. पोळा झाला, दसरा झाला, लोकांनी पेटीतून स्वेटर काढले, तरी आमच्या घरातला उन्हाळा काही संपेना.

बाबा लकडगंजात लाकडाच्या एका वखारीत मोजणीदार होते. सागाच्या ओंडक्याला टेप लावायचा, घनफूट काढायचे, खडूने आकडा लिहायचा. त्यांनी नुसत्या नजरेने सांगितलेलं माप टेपशी जुळायचं. एका दुपारी त्यांनी एकाच ओंडक्याला चार वेळा टेप लावला, चारही वेळा आकडा लिहून पुसला आणि मग त्याच ओंडक्यावर बसून राहिले. मालकाने त्यांना सायकलरिक्षात बसवून घरी पाठवलं. नागपुरात एप्रिलमध्ये माणूस असा बसला की आधी ऊनच आठवतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात कुणाचं चुकलं नाही. आईने कैऱ्या भाजून पन्हं पाजलं, तळपायांना काशाची वाटी घासली, सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवला.

पण अंगात ताप नव्हता. एकदाही नव्हता. बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. आंघोळीला चारदा उठवावं लागायचं. ताटातली पोळी नुसती कुस्करत राहायचे. डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नसे. एकदा मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते, तेव्हा हळूच म्हणाले, "मले कशातच गोडी नाही राहिली वं पोरी. सकाळ झाली का भेव लागते."

मी तडक काकांकडे गेले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच खोल्यांत राहणारे आणि आमच्या घरचे सगळे निर्णय घेणारे. धंतोलीत मनाच्या आजाराचे एक डॉक्टर आहेत, बाबांना त्यांना दाखवू, असं मी म्हटलं.

"धंतोलीत?" काका ओरडले. "अख्खा विदर्भ येऊन बसते तिथं. आपल्या नात्यातलं कोणी ना कोणी बाकड्यावर भेटतेच. पागलाच्या डॉक्टरच्या पायरीवर कोणी पाहिलं तं तुह्यं लग्न होईन काय? थोडी अक्कल ठेव!"

मी एकोणीस वर्षांची होते. ज्या लग्नाचं मी नावही काढलं नव्हतं, ते माझ्या बापाच्या औषधाच्या आड उभं केलं गेलं. बाबांचा पाय मोडला असता तर याच काकांनी त्यांना पाठीवर घालून धंतोलीत नेलं असतं आणि वर गल्लीभर सांगितलं असतं. इतकी वर्षं झाली, पण हे लिहितानाही माझे कान तापतात. आईचाही राग येतो. ती वाईट नव्हती, घाबरलेली होती. पण श्रावणात खिशातल्या कांद्याला कोंब फुटला, तेव्हा तिने तो निमूटपणे काढून दुसरा ठेवला. मी ते पाहिलं आणि गप्प बसले.

बाबा पुढे बरे झाले, पूर्वीसारखे नाही, पण वखारीत परत जाण्याइतके झाले. हे आताच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा तेवढ्यावर खूश होऊन मधले सात महिने माफ करून टाकेल. मी केलेले नाहीत.

तुळशीचं लग्न झालं आणि कन्हानहून पाहुणे मला बघायला आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. बाबांना दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून समोरच्या खोलीत बसवलं होतं. बोलायचं नाही, अशी काकांची ताकीद होती. मी पोह्यांच्या बश्या घेऊन आत आले, तेव्हा मुलाची आई विचारत होती, "भाऊंची तब्येत बरी नाही काय?"

"ऊन लागलं होतं जी," काका म्हणाले. "अंगात मुरलं."

बाई शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात बाबांनी खिशातून कांदा काढला. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि नखांनी सोलायला लागले. एक साल, दुसरी साल. सालं त्यांच्या मांडीवर पडत होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. काका मोठ्याने हसले. "कांद्यानं पाहा कसं पाणी काढलं!" पाहुणेही हसले.

मी ट्रे खाली आपटला. म्हटलं, "कांद्यानं नाही. सात महिने झाले, माहे बाबा रोज रडून राहिले. त्याईले मनाचा आजार आहे. आमी दवाखान्यात नेलं नाही, काहून तं माह्यं लग्न व्हाचं आहे."

पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले. काका मला काय काय बोलले ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना रिक्षात बसवलं. आईने अडवलं नाही, उलट त्यांचा सदरा नीट केला.

बाकड्यावर खरंच ओळखीचे निघाले, काकूंच्या माहेरचे एक गृहस्थ. ते स्वतःच्या बायकोला घेऊन आले होते. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि शेजारी बसलो.

डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही, बाबांनाच विचारलं. कधीपासून?

"चैत्रापासून," बाबा स्पष्ट म्हणाले.

"मग इतके दिवस आला का नाहीत?"

मी तोंड उघडलं. काका, आई, सगळ्यांची नावं सांगायला मी तयारच होते. पण बाबा माझ्या आधी बोलले.

"हे ऊन नाही, मले पहिल्यापासून समजत होतं साहेब. पण पोरीचं लग्न राहिलं होतं ना."

मला एवढा राग कधीच आला नव्हता. मी तिथेच ओरडले, "तुमाले कोणी सांगतलं होतं, बाबा? मी सांगतलं होतं काय?" आणि रडायला लागले. डॉक्टरांनी मला थांबवलं नाही.

बाबांनी मान खाली घालून खिशात हात घातला. निघताना आईने त्यात नवा कांदा ठेवला होता. तो त्यांनी काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.