टाक्यांशी बोलणाऱ्या आत्या

माझ्या नवऱ्याच्या आत्यांना जगातली झाडून सगळी माणसं बाळंतीणच वाटायची. कुणी कंबर धरून उठला, की आत्यांचं तेल गरम व्हायला लागलंच म्हणून समजा. केबलची तार ओढायला आलेल्या माणसालासुद्धा त्यांनी एकदा खुर्चीत बसवून त्याची मान रगडून दिली होती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त कर्नल, बोलायला कडक. त्यांना आत्यांनी भर लिफ्टमध्ये सांगितलं, "भाईसाब, आपके कमर में वारा शिरला है." कर्नलसाहेबांना काय कळलं देव जाणे, पण त्यानंतर आत्या लिफ्टमध्ये असल्या की ते जिन्याने जायचे.

दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा सेक्टरना नंबर होते, पण सेक्टर नव्हते. आमची एक इमारत, समोर अर्धवट खांब, आणि पाण्याचा टँकर आला की सगळी सोसायटी बादल्या घेऊन खाली. नवरा गुडगावच्या नव्या परदेशी कंपनीत नुकताच लागलेला, त्याला रजा मागायचीही चोरी. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, नाशिकला व्हायचं, पण आई न्हाणीत घसरली आणि तिचाच पाय प्लास्टरमध्ये गेला. मग दिल्लीतच मुलगी झाली, सिझर करून. घरी आले ती भिंतीला धरून, वाकलेली. दुखणं एक वेळ सोसलं असतं हो, पण मला माझी पोर उचलता येईना. पाळण्यावर वाकलं की टाके ओढायचे, आणि ही आपल्या हातून पडणार अशी धास्तीच मनात बसली. कामवालीने तिला मांडीवर आणून द्यायचं, मी पाजायचं, तिने परत न्यायचं. मी आई झालेय की दूधकेंद्र, असा प्रश्न पडून मी दुपारभर रडायची.

अशात करोल बागेतून ऑटोने आत्या आल्या. मांडीवर लोखंडी शेगडी, पायाशी कोळशाचं पोतं. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन एकट्या राहायच्या, पण नात्यातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या पाठीवरून त्यांचा हात फिरलेला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "टाँकों को बिल्कुल हाथ नहीं लगाना. सिर्फ पीठ और पैर." आत्या म्हणाल्या, "हाथ नहीं लगाऊँगी. बात कर सकती हूँ ना?" आणि खरंच बोलायच्या. रोज सकाळी मला कुशीवर निजवायच्या, पोटाशी उशी द्यायच्या आणि कोमट तिळाचं तेल घेऊन कंबरेपासून खांद्यापर्यंत तळहात फिरवत पोटाकडे बघून म्हणायच्या, "ओढू नका रे तिला. तुमचं काम झालंय, आता जरा सैल व्हा." मला हसू यायचं, हसलं की टाके दुखायचे, मग आत्या टाक्यांनाच रागवायच्या. तळपाय चोळायला घेतले की मात्र माझी बोलती बंद. तेवढा वेळ शरीर माझं असल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट तेवढी खटकायची. आत्या पोरीला घ्यायच्या नाहीत. ती रडली की हात वर करून म्हणायच्या, "माझे हात तेलाचे आहेत, बाई." सकाळी तेलाचे, दुपारी तेलाचे, देवापुढे दिवा लावतानाही तेलाचे. त्यांना लहान मुलांची आवडच नसावी, असं आम्ही नवराबायकोने ठरवून टाकलं.

शेकशेगडीवरून तर महाभारत झालं. बंद खिडक्यांच्या खोलीत आत्यांनी निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा अशा काही सढळ हाताने टाकल्या, की दाराखालून धूर जिन्यात गेला. कुणीतरी "आग, आग" करत सुटलं, आणि समोरच्या पंजाबी भाभींनी टँकरचं जपून ठेवलेलं पाणी बादलीभर आमच्या शेगडीवर ओतलं. आत्या शांतपणे म्हणाल्या, "बैठो. पाणी उचलके कमर दुखी होगी." भाभी बसल्या. त्यांचंही सिझर झालेलं, पोरगं शाळेत जायला लागलं तरी कंबर धरलेलीच. तासभर पाठ चोळून घेतल्यावर त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मेरे टाइम पे तो किसी ने पूछा ही नहीं, जी." पुढे त्या रोजच यायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी आता बाळ उचलायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तरी माझी धास्ती जाईना. एका दुपारी कामवाली आलेली नव्हती आणि पोर पाळण्यात टाहो फोडत होती. मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी नेहमीसारखे हात वर केले.

"आत्या, घ्या ना हो तिला."

"तू घे. गुडघ्यात वाक, कंबरेत नको. छातीशी धर आणि श्वास सोडत ऊठ."

मला त्यांचा असा राग आला, की रागाच्या भरातच मी वाकले. आणि उठले. पोर माझ्या खांद्यावर हुंदके देत गप्प झाली. टाके कुठे आहेत याची आठवणही झाली नाही.

आत्या उठून न्हाणीघरात गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. डाळीचं पीठ लावून, कोपरापर्यंत हात धुऊन त्या आल्या, चटईवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आता दे."

मी पोर पुढे केली.

"आधीच घेतली असती ना, तर तुला परत द्यावीशी वाटली नसती मला," आत्या म्हणाल्या. मग पोरीला मांडीवर घेऊन तिच्या टाळूचा वास घेत राहिल्या.

मी दूध तापवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. दूध तापलं, निवलं, त्याच्यावर साय धरली, तरी मी बाहेर आले नाही.