एर्सिलियाला वरून शीळ आली

एर्सिलिया तोंदेल्लीचा गळा इटलीतल्या पार्मात सगळ्यात आधी ऐकला तो टोमॅटोच्या कारखान्यातल्या बायांनी. सतराव्या वर्षी ती तिथे सडके टोमॅटो वेचायला बसायची आणि यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून गायची. मुकादमीण ओरडायची, "ए बये, हात चालव, तोंड नको!" पण ती गप्प झाली की बायाच कुरकुरायच्या. मग मुकादमीणच म्हणायची, "गा बाई, गा. नाहीतर ह्या झोपतील."

तिचा बाप आमिल्कारे. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण माणूस खरा जगायचा तो ऑपेरा थिएटरच्या सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या गॅलरीत. तिथे बसणारे खाटीक, सुतार, हमाल. पदं सगळ्यांना तोंडपाठ आणि दयामाया शून्य. गाणारा जरा घसरला की वरून शिट्ट्यांचा मारा. पार्माचं नाव काढलं की भलेभले गवई टाळाटाळ करायचे.

आमिल्कारेनेच पोरीला गाणं शिकवणाऱ्या फांतिनीबाईंकडे नेलं. बाईंनी सात वर्षं तिला पिळून काढलं. "खांदे काय उचलतेस? पोती वाहतेस का? श्वास पोटातून घे!"

मग जेनोवात मुख्य गायिका आयत्या वेळी आजारी पडली. एर्सिलिया बदली म्हणून उभी राहिली आणि पडदा पडला तेव्हा नाव कमावून बसली. नेपल्स झालं, लिस्बन झालं. ब्यूनोस आयर्सला तर लोकांनी तिची मोटार ढकलत हॉटेलपर्यंत नेली! पण पार्माचं बोलावणं आलं की तिचा घसा हमखास बसायचा. असं अकरा वर्षं चाललं.

शेवटी आईने, देसोलिनाने, पत्र टाकलं : "बाजारात विचारतात, तुमची पोरगी आपल्याच गावाला भिते का? मी काय सांगू?"

एर्सिलियाने तार केली : "येते."

रविवारचा दुपारचा खेळ. थिएटरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोन अंक टाळ्यांत गेले. तिसऱ्या अंकातलं मोठं पद आलं, ती वर चढत गेली, आणि अगदी शेवटच्या सुरावर आवाज चिरकला. केसभरच.

मग वरून एक शीळ आली. लांबलचक, शेवटी वर वळणारी. एर्सिलियाने झटकन वर पाहिलं. लहानपणी गल्लीतून जेवायला बोलावणारी हीच शीळ! त्या शिळेमागोमाग अख्खी गॅलरी शिट्ट्या घालत सुटली.

वाद्यवृंदाचा संचालक पुढचं सुरू करणार, तोच ती हात वर करून थेट रंगमंचाच्या कडेला आली.

"बाबा! ओळखली मी शीळ!"

सगळ्या माना वर वळल्या. वरून खणखणीत उत्तर आलं, "मग नीट म्हण की!"

"म्हणते. पण तुम्ही खाली बसा आधी. मागच्यांना दिसत नाही!"

हशाने छत हादरलं. ती मात्र हसत नव्हती. रागाने तिचे कान तापले होते. तिने संचालकाला खूण केली आणि पद पहिल्यापासून धरलं. या वेळी ती गॅलरीसाठी गात नव्हती, गॅलरीशी भांडत होती! शेवटचा सूर लागला, आणि तो तिने असा धरून ठेवला की संचालकाचा हात हवेत तसाच राहिला. सूर संपायच्या आतच वर बाकं बडवायला सुरुवात झाली. टोप्या खाली आल्या, कुणाचा तरी मफलर आला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" त्या गोंगाटात एका खाटकाचा आवाज, "आमिल्कारे, लेका, रडतोस काय!"

संध्याकाळी घरी देसोलिनाने रश्शातले सारणभरले आनोलिनी वाढले. एर्सिलियाने चमचा आपटला.

"पोटची पोर मी, आणि पहिली शीळ तुमची?"

"गॅलरीत चढलो की मी कुणाचा बाप नाही," आमिल्कारे म्हणाला. "मी गप्प बसलो असतो तर लोक म्हणाले असते, बापाने सांभाळून घेतली. मग त्या टाळ्या तुझ्या झाल्या असत्या का?"

"अगं, आमच्या लग्नात पाद्रीबाबांचा सूर चुकला, तर ह्यांनी त्यांनाही शीळ घातली होती," देसोलिना म्हणाली. "तू कोण मोठी लागून गेलीस?"

एर्सिलियाला हसू आवरेना. रस्सा नाकात गेला.

गुरुवारी दुसरा प्रयोग होता. तिकिटासाठी सकाळपासून रांग वळसा घालून थेट नदीच्या पुलापर्यंत गेली. गॅलरीने तिच्याकडून तेच पद तीनदा म्हणवून घेतलं. पुढची सतरा वर्षं पार्मातला ऑपेराचा मोसम तिच्याशिवाय उघडला नाही.